लिटरला दहा

गाडीनं लिटरला दहा किलोमीटर दिल्याशिवाय तिला लांबच्या प्रवासाला काढायचं नाही, असं मी एका रविवारी सकाळी जाहीर केलं. बायको भाजी निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "म्हणजे कधी?"

चौतीस वर्षं गणित शिकवलं की माणसाला एक वाईट सवय लागते. नेमका प्रश्न ऐकला की त्याला आनंद होतो, आणि त्या आनंदात उत्तर द्यायचं राहून जातं. "चांगला प्रश्न आहे," असं म्हणून मी वही आणायला आत गेलो.

गाडी म्हणजे मोटरहोम. लांबोडक्या व्हॅनच्या पोटात एक पलंग, दोन शेगड्या, बेसिन, पाण्याची टाकी, आणि ज्यात बसलं की गुडघे दाराबाहेर येतात असं एक न्हाणीघर. आमच्या इमारतीतली मुलं तिला घरगाडी म्हणायची. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पुंजीतून मी ती जुनी विकत घेतली. लोकांना वाटलं, म्हातारपणी मास्तरांना पाय फुटले. तसं काही नव्हतं. बायकोची कंबर गेलेली आहे. दीड-दोन तास बसलं की तिला वीस मिनिटं पाठ टेकून आडवं व्हावंच लागतं, त्यामुळे बस नाही, साधी मोटारही नाही. आणि तिची थोरली बहीण राहते चारशेवीस किलोमीटरवर, समुद्राकाठी. या ताईंनीच तिला लहानाची मोठी केली. आता ताईंचं घर विकलं गेलं होतं आणि पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला त्यांचा मुलगा त्यांना कायमचं परदेशी घेऊन जाणार होता. ताईंचं वय अठ्ठ्याहत्तर. पुन्हा भेट कुठली. बायकोला त्याआधी पंधरा दिवस त्यांच्याजवळ राहायचं होतं. गाडी घेतली ती एवढ्यासाठी.

त्या रविवारी हातात सात आठवडे होते. सात आठवड्यांत मी नापास मुलं पास केलेली आहेत.

पहिल्यांदा टाकी भरून मोजलं तेव्हा आकडा आला सहा पूर्णांक चार. शंभरातले चौसष्ट असते तर मी पाठ थोपटली असती. पण गाडी विकणाऱ्यानं "डोळे झाकून दहा" असं सांगितलं होतं. डोळे झाकून चालवली तर काय देईल ते तपासता येत नसल्यामुळे मी डोळे उघडे ठेवून दहा काढायचं ठरवलं. डिझेलच्या खर्चाचा प्रश्न नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. दहा म्हणजे पास आणि त्याखाली नापास, एवढाच प्रश्न होता. आणि मी आयुष्यात कुणाला ग्रेसचे गुण दिलेले नाहीत. मुख्याध्यापकांच्या पुतण्यालासुद्धा नाही.

घरगाडी उभी राहायची ती तळमजल्यावरच्या एका गृहस्थांच्या खिडकीसमोर. ती आल्यापासून त्यांच्याकडे भर दुपारी दिवा लावावा लागे. त्यामुळे आम्ही लवकर निघावं ही तळमळ बायकोखालोखाल त्यांना होती. यांना आपण खिडकीवाले म्हणू. पहिला सल्ला त्यांनीच दिला, टायरमध्ये हवा कमी आहे. हवा भरली. आकडा सहा पूर्णांक सहा. मग गॅरेजमधला मिस्त्री म्हणाला, टपावरची ती सामानाची पेटी वाऱ्याला छातीवर घेते, ती काढा. काढली. सहा पूर्णांक आठ. मिस्त्री मोजकं बोलणारा माणूस आहे. जाताना तो म्हणाला, "सर, ही गाडी म्हणजे घर आहे. घर पळायला लागलं तर त्याला घर म्हणत नाहीत." हे मी वहीत लिहिलं नाही, कारण त्यात आकडा नव्हता.

मोजण्याची माझी पद्धत मात्र वाखाणण्यासारखी होती. सकाळी टाकी काठोकाठ भरायची. ठरलेल्या रस्त्यावर साठ किलोमीटरचा फेरा मारायचा. घरी येऊन गाडी सावलीत उभी करायची आणि संध्याकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही, कारण तापलेलं डिझेल फुगतं आणि फुगलेल्या डिझेलवर मोजलेला आकडा खोटा असतो. तेवढ्यात मी दुपारची झोप काढायचो. ऊन उतरलं की पुन्हा पंपावर जाऊन टाकी काठोकाठ. जेवढं डिझेल मावलं त्यानं साठला भागायचं. पंपावरचा माणूस मला बघून आधी हसायचा, मग उसासा टाकायचा, आणि शेवटी शेवटी नोझल माझ्या हातात देऊन चहा प्यायला जायचा.

फेऱ्यात पाय हलका राहावा म्हणून समोरच्या फळीवर पाण्यानं भरलेला पेला ठेवायचा. पाणी सांडलं नाही तर चालवणं चांगलं. फळीवर पेला घसरतो असं लक्षात आल्यावर तो बायकोच्या हातात दिला. ती वर्षभरात जेवढी भिजत नाही तेवढी त्या तीन फेऱ्यांत भिजली. ताशी पन्नासच्या वर जायचं नाही असा नियम होता. एकदा आम्ही खड्ड्यांतून पेला सांभाळत असताना झाडू विकणारा एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. मागं टाकताना त्यानं आत डोकावून बघितलं. त्या नजरेत जी दया होती ती मी पालकसभेत बापांच्या डोळ्यांत बघितली आहे.

संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्यांवर मुलं जमायची. निवृत्त झालो तरी मुलं सुटली नव्हती आणि मला ती सुटायला नकोही होती. घरगाडीचा निकाल रोज त्यांना सांगायचा, त्यातून दशांश शिकवायचे. एकदा दुसरीतल्या एका चिमुरडीनं विचारलं की शून्यानं का भागत नाहीत. मी तिला म्हणालो, "भागाकार म्हणजे काय? वाटणी. दहा बिस्किटं पाच मुलांत वाटली तर दोन-दोन. एकाच मुलाला दिली तर त्याला दहा. पण मुलगाच नसेल तर? बिस्किटं हातात घेऊन उभे आहात आणि समोर घ्यायला कुणी नाही. मग प्रत्येकाला किती, या प्रश्नालाच अर्थ नाही." चिमुरडी म्हणाली, "मग त्या बिस्किटांचं काय करायचं?" मी हसलो. बायको दारात उभी होती, ती हसली नाही. ताईंना फोन करून ती नुकतीच "पुढच्या आठवड्यात निघतोय" असं चौथ्यांदा सांगून आली होती.

आता उरलं होतं वजन. शंभर किलो कमी केले तर आकडा किती सुधारतो हे खिडकीवाल्यांनी कुठंतरी वाचलं होतं. मी वजनकाटा आणला आणि गाडीतली एकूण एक वस्तू त्यावर ठेवली. दुसरी शेगडी गेली. बेसिनचं झाकण गेलं. न्हाणीघराचं दार गेलं, कारण गुडघे तसेही बाहेर येतच होते. पाण्याची टाकी रिकामी केली. पलंगाची जाड गादी भरली बावीस किलो. तिच्या जागी दीड किलोची स्पंजाची पट्टी आली. बायको त्या पट्टीवर एकदा आडवी झाली आणि उठून म्हणाली, "खालच्या फळीला खिळे किती आहेत ते आता मी सांगू शकते." मी म्हणालो, "किती?" ती निघून गेली.

मग ती तिच्या आईचं शिवणयंत्र घेऊन आली. हातानं फिरवायचं, बिडाचं. ताई त्यावरच शिवण शिकल्या होत्या आणि धाकटीचे शाळेचे झगे त्यांनी त्यावरच शिवले होते. ताईंनी कधी काही मागितलं नव्हतं, आता जाताना तेवढं एक मागितलं होतं. मी यंत्र काट्यावर ठेवलं. तेरा किलो. मी चष्मा पुसत म्हणालो की परदेशात विजेवर चालणारी छान हलकी यंत्रं मिळतात. त्यावर ती काहीच बोलली नाही. चौतीस वर्षं वर्गासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला शांततेचे प्रकार ओळखता यायला हवेत. मला ही शांतता समजल्याची वाटली.

एवढं करून आकडा आला सात पूर्णांक एक. आणि त्याच सुमारास परिवहन कार्यालयाचं पत्र आलं की गाडीची वार्षिक तपासणी राहिली आहे.

तिथला कारकून सज्जन होता, म्हणजे त्यानं मला बसायला सांगितलं. दोन तासांनी तो फायली बगलेत मारून बाहेर आला, गाडीचं दार उघडून आत डोकावला आणि म्हणाला, "यात घर कुठंय?"

मी त्याला पट्टी दाखवली. त्यानं पुस्तक उघडलं. मोटरहोम म्हणून नोंद असलेल्या गाडीत झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय, पाणी आणि दार असलेलं न्हाणीघर पाहिजे. नसेल तर ती मालवाहू गाडी. मालवाहू गाडी असेल तर परवाना वेगळा, कर वेगळा, आणि बायकोला मागं बसवायचं असेल तर बायकोची नोंद माल म्हणून करता येत नाही. मी म्हणालो की सोयी सगळ्या आहेत, फक्त घरी आहेत. तो म्हणाला, "मग तुमचं घर तपासणीला आणा."

गादी, शेगडी, झाकण, दार, सगळं पुन्हा बसवलं. त्याला तीन दिवस गेले. मग शिक्का मारणारे साहेब रजेवर होते, त्याला सहा दिवस. मग शिक्का मिळाला आणि सगळं पुन्हा काढलं. इमारतीतल्या बायका बायकोला विचारू लागल्या की तुम्ही जाताय की येताय. ती सांगायची, आम्ही मोजतोय.

तोवर पुढच्या महिन्याची अकरा तारीख उजाडली होती. त्या दिवशीच्या फेऱ्याचा आकडा आला आठ पूर्णांक एक. मी तीनदा भागाकार केला. काही न बदलता अख्खा एक किलोमीटर वाढला होता. मी मिस्त्रीला विचारलं. तो डोकं खाजवत म्हणाला की इंजिन कधी कधी मोकळं होतं. खिडकीवाले म्हणाले, "मास्तर, तुमचा पाय बसला आता." पुढचा फेरा, नऊ पूर्णांक दोन. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसांत मी फार प्रेमळ वागत होतो. गॅलरीतला गुलाब एकाएकी वाळून काळा पडला, तरी मी बायकोवर चिडलो नाही. फक्त झाडाला पाणी किती आणि कधी घालावं हे तिला पंधरा मिनिटं नीट समजावून सांगितलं. झारीला कसलातरी उग्र वास येत होता, ती घासून ठेव असंही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

सतरा तारखेला आकडा आला दहा पूर्णांक एक.

मी वहीत लाल शाईनं 'उत्तीर्ण' लिहिलं आणि खाली सही केली. बायकोनं ते वाचलं आणि विचारलं, "उद्या पहाटे?" ताई संध्याकाळी सहाला घर सोडणार होत्या. पंधरा दिवसांचे आता तीन तास झाले होते. तरी ती हसली. गेल्या दोन महिन्यांत तिला हसताना मी पहिल्यांदा बघत होतो, आणि मला वाटलं ते माझ्या आकड्यासाठी आहे.

आता एक साधं गणित. चारशेवीस किलोमीटर, लिटरला दहा. किती डिझेल लागेल? बेचाळीस लिटर. डिझेललाही वजन असतं, त्यामुळे टाकी उगाच भरून घेणं म्हणजे स्वतःच्याच खांद्यावर बसून चालणं. मी मोजून बेचाळीस लिटर ठेवलं.

पहाटे पाचला निघालो. दोनदा थांबून बायको खिळ्यांवर पडली. दहाच्या सुमाराला ती म्हणाली, "पंप आलाय. थोडं भरून घेऊ या ना." मी तिला बेचाळीस गुणिले दहा करून दाखवलं. अकराला ती म्हणाली, "काटा लाल रेघेवर आलाय." मी म्हणालो की काटा जुना आहे, काटा चुकू शकतो, भागाकार चुकत नाही. पुढं आणखी एक पंप गेला. त्या वेळी तिनं एका हातात पेला सावरत माझ्या दंडाला हात लावला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी म्हणालो, "पाणी सांडेल."

दोनशे अठ्ठ्याण्णव किलोमीटरवर गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि ती थांबली. दोन्ही बाजूंना माळ होता. फोनला रेंज नव्हती. बारा वाजले होते.

मी वही काढली. गुणाकार बरोबर होता. भागाकार बरोबर होता. मी पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागलो तेव्हा बायको समोर बघत म्हणाली, "तपासू नका. अडीच लिटर मी घातलंय."

ते मला समजायला वेळ लागला. मी झोपलो की ती खिळ्यावरची किल्ली घ्यायची. खिडकीवाले डब्यातून डिझेल आणून द्यायचे. झारीची चोच टाकीच्या तोंडात बरोबर बसायची. पहिल्या दिवशी एक लिटर, मग थोडं जास्त, शेवटी झारी भरून. संध्याकाळी पंपावर तेवढंच कमी मावायचं.

"चौतीस वर्षांत तुम्ही कुणाला ग्रेस दिला नाहीत," ती म्हणाली. "म्हणून मी दिला."

"मग निघताना तरी सांगायचं होतंस. पंपावर सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं?"

निकाल रद्द करून मी गाडी मागं वळवली असती. ते तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि बहुधा त्या पंपावरच्या माणसालाही कळलं असतं.

अर्ध्या तासानं एक ट्रक थांबला. ड्रायव्हर म्हणाला, दोघं चढा, पुढं गावात सोडतो. बायकोनं पायरीवर पाय ठेवला. पायरी तिच्या कमरेएवढी उंच होती. तिनं दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा ड्रायव्हरच हात जोडून म्हणाला, "नको आई, जीव जाईल." मग मी एकटाच गेलो. अकरा किलोमीटरवर पंप होता. तिथं एक टॅक्सीही उभी होती. टॅक्सीवाल्यानं विचारलं, कुठं सोडू. मी हातातला डबा वर करून त्याला ऐटीत सांगितलं की आमची स्वतःची गाडी आहे, फक्त डिझेल संपलंय. पहिल्या बेरजेत चुकलेलं मूल सगळं गणित चुकतं, हे मी किती जणांना सांगितलं असेल.

एका मोटारसायकलवाल्यानं मला मागं आणून सोडलं. डिझेल ओतलं. गाडी सुरू झाली नाही. डिझेलची गाडी कोरडी पडली की नळीत हवा शिरते आणि ती मिस्त्रीनं काढल्याशिवाय इंजिन घोट घेत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी बॅटरी संपेपर्यंत किल्ली फिरवत राहिलो. पक्कड-पाने शोधायला म्हणून मागच्या सीटखाली हात घातला तर तिथं जुन्या चादरीत गुंडाळलेलं शिवणयंत्र निघालं. तेरा किलोंनी आकडा किती घटला असेल, हे माझ्या मनात आलं. लाज वाटली असं लिहायला हवं, पण आधी आकडा आला. लाज नंतर वाटली. मी चादर पुन्हा होती तशी गुंडाळली.

कुणा ट्रकवाल्यानं निरोप दिला म्हणून क्रेन आली तेव्हा साडेचार वाजले होते. आमच्या गाडीचं नाक वर उचलून तिनं आम्हाला मागच्या बाजूला, बावीस किलोमीटरवरच्या गॅरेजकडे ओढायला सुरुवात केली. समुद्र दुसरीकडे होता. क्रेनची पायरी बुटकी होती; बायको केबिनमध्ये पाय लांब करून अर्धवट आडवी झाली होती. क्रेनवाल्यानं तिला त्याची जाड उशी दिली. परक्या माणसाला ते मोजल्याशिवाय सुचलं.

सहाला दहा कमी असताना रेंज आली. फोन ताईंनीच केला होता. बाहेर गाडी हॉर्न वाजवत होती, तो हॉर्नही मला ऐकू आला. दोघी बहिणी चार मिनिटं बोलल्या. रडणं वगैरे काही नाही. ताईंनी विचारलं की कंबर कशी आहे. हिनं सांगितलं, बरी आहे. ताईंनी विचारलं की यंत्र आणलंस का. हिनं सांगितलं, "आणलंय ना. माझ्याजवळच आहे." मग म्हणाली, "बस तू आता गाडीत. पाय जपून टाक."

तिनं फोन बंद करून बाजूला ठेवला. मला काहीतरी करायला हवं होतं, आणि मला एकच गोष्ट करता येते. मी वही उघडली. आजचं अंतर, क्रेननं ओढलेलं, बावीस किलोमीटर. वापरलेलं डिझेल, शून्य. इतका चांगला आकडा याआधी कधीच आला नव्हता. मी पेन टेकवलं आणि थांबलो.

बायको माझ्याकडे बघत होती. "लिहा ना," ती म्हणाली. "किती झालं?"

बावीसला शून्यानं भागायचं होतं. मागं ओढल्या जाणाऱ्या रिकाम्या घरात, सीटखाली, चादरीत तेरा किलो वजन होतं.

"याचं उत्तर नसतं," मी म्हणालो.

"माहीत आहे," ती म्हणाली. "जिन्यावर ऐकलं होतं मी." आणि तिनं उशी सारखी करून तोंड खिडकीकडे वळवलं.